परदेशात दाखवलेला नफा आणि त्यावर कर लावण्याचा हक्क

प्रश्न (कुपवाड, सांगली)

नमस्कार. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आमचे भागीदारीतले मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून येणाऱ्या बिडाच्या कास्टिंगचे टर्निंग, बोअरिंग आणि ड्रिलिंग आम्ही करून देतो, आणि आमच्या कामातला मोठा वाटा एका परदेशी समूहाच्या भारतीय उपकंपनीसाठी असतो. भागीदारी संस्थेला नफ्यावर ३० टक्के आयकर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण ३१.२ टक्के कर बसतो. तो आम्ही वेळच्या वेळी भरतो आणि तो भरलाच पाहिजे असे मानतो.

यंदा दरवाढीची बोलणी चालू असताना 'आमच्याच हातात फारसे काही उरत नाही' असे त्या उपकंपनीकडून सांगण्यात आले, म्हणून मी शुल्क भरून कंपनी निबंधकांकडून त्यांची वार्षिक हिशेबपत्रके मिळवली आणि टिपांसह वाचून काढली. विक्री दरवर्षी वाढलेली आहे. मात्र संबंधित पक्षांशी झालेल्या व्यवहारांच्या टिपेत समूहातल्याच नेदरलँड्समधील कंपनीला दिलेली रॉयल्टी (म्हणजे बोधचिन्ह, डिझाइन वापरण्याचा मोबदला), आणखी एका देशातील कंपनीला दिलेले व्यवस्थापन सेवाशुल्क आणि मूळ कंपनीकडून घेतलेल्या कर्जावरचे व्याज अशा तीन नोंदी आहेत, आणि त्या वजा झाल्यावर भारतात उरलेला नफा विक्रीच्या मानाने अगदी किरकोळ दिसतो. पंपाचे केसिंग आमच्या लेथवर तयार होते, पंप इथेच जुळवला जातो आणि बहुतांशी इथल्याच शेतकऱ्याला आणि पाणीपुरवठा योजनांना विकला जातो. असे असताना त्यातला नफा परदेशातला कसा ठरतो, त्यावर तिकडे तरी कोणी कर घेते का, आणि जागतिक १५ टक्के किमान कराची जी चर्चा वाचनात येते तिच्यातून भारताच्या पदरात काय पडणार आहे, हे जाणकारांनी समजावून सांगावे. कोणत्याही एका कंपनीविरुद्ध लिहिण्याचा हेतू नाही, व्यवस्था समजून घ्यायची आहे.

उत्तर १ (सनदी लेखापाल, विश्रामबाग, सांगली)

आपण नेमकी टीप वाचलीत. बहुतेक लोक नफातोटा पत्रकाच्या शेवटच्या ओळीपाशी थांबतात, आणि खरी गोष्ट संबंधित पक्षांच्या टिपेत असते.

प्रथम कायद्याची बाजू. आपण ज्या उपकंपनीला माल देता ती भारतात नोंदलेली कंपनी आहे, त्यामुळे आयकर कायद्याच्या दृष्टीने ती पूर्णपणे भारतीय आहे. सवलती सोडून २२ टक्क्यांचा दर स्वीकारणाऱ्या कंपनीला अधिभार आणि उपकर धरून २५.१७ टक्के कर बसतो. समूहातील परदेशी कंपनीवर मात्र भारत फक्त भारतात उद्भवलेल्या उत्पन्नापुरताच कर लावू शकतो, आणि दुहेरी कर टाळण्याचा करार असेल तर व्यवसायाच्या नफ्यावर कर लावण्यासाठी त्या कंपनीची भारतात स्थायी आस्थापना, म्हणजे कार्यालय, कारखाना किंवा तत्सम ठिकाण, असावे लागते. अशा परदेशी कंपनीचा दर २०२४-२५ पासून ४० वरून ३५ टक्के झाला आहे. पण आपल्या उदाहरणात तो दर लागू होण्याची वेळच येत नाही, कारण इथे परदेशी कंपनी स्वतः धंदा करताना दिसत नाही. ती केवळ आपल्या भारतीय उपकंपनीला हक्क, सेवा आणि पैसा पुरवते.

आकडे कल्पित घेऊन हिशेब मांडतो. समजा, १०० कोटींची विक्री आहे आणि रॉयल्टी देण्यापूर्वीचा नफा १२ कोटी आहे. रॉयल्टी द्यावी लागली नसती तर कर सुमारे ३ कोटी २ लाख झाला असता. विक्रीच्या ५ टक्के रॉयल्टी नेदरलँड्सला गेली की भारतातला नफा ७ कोटींवर येतो आणि त्यावरचा कर १ कोटी ७६ लाख होतो. बाहेर गेलेल्या ५ कोटींवर नेदरलँड्सशी असलेल्या करारामुळे १० टक्केच कर कापता येतो, म्हणजे ५० लाख. दोन्ही मिळून भारताला २ कोटी २६ लाख मिळाले आणि ७६ लाखांचा कर एका नोंदीने कमी झाला. सेवाशुल्काची गोष्ट तर याहून बिकट आहे. नेदरलँड्स, ब्रिटन, अमेरिका, सिंगापूर यांच्याशी असलेल्या करारांत सेवा पुरवताना तांत्रिक ज्ञान आपल्या हाती सोपवले गेले असेल तरच त्या शुल्कावर कर घेता येतो. 'वर्षभर सल्ला दिला, हिशेब पाहिले, धोरण आखून दिले' असे शुल्क असेल तर ते उपकंपनीच्या नफ्यातून पूर्ण वजा होते आणि इथे एक पैसाही कापला न जाता बाहेर जाऊ शकते.

यावर काहीच उपाय नाहीत असे नाही. २००१ च्या वित्त कायद्याने ट्रान्सफर प्राइसिंगची तरतूद आणली. एकाच समूहातल्या दोन कंपन्यांनी आपसातला दर असा धरला पाहिजे, जो त्यांनी परक्या ग्राहकाला लावला असता, हे तिचे सूत्र. त्यासाठी दरवर्षी लेखापालाचा स्वतंत्र अहवाल द्यावा लागतो आणि मोठी प्रकरणे आयकर खात्याच्या खास अधिकाऱ्याकडे तपासणीला जातात. व्याजाच्या नोंदीवर २०१७ पासून मर्यादा आहे : परदेशी समूहकंपनीला दिलेले व्याज १ कोटीच्या वर गेले, तर व्याज, कर आणि घसारा काढण्यापूर्वीच्या नफ्याच्या ३० टक्क्यांपलीकडची रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून धरली जात नाही.

तरीही मूळ अडचण उरतेच. केसिंगचे मशीनिंग किती रुपयांना होते हे कुपवाडमधली दहा शॉप विचारून कळेल, पण एका जगप्रसिद्ध समूहाच्या बोधचिन्हाची किंवा डिझाइनची परक्या ग्राहकाकडून काय किंमत आली असती, हे कोणाला विचारणार? ते चिन्ह त्या समूहाबाहेर कोणाला दिलेलेच नसते. त्यामुळे दोन्ही बाजू तुलनेसाठी कंपन्यांच्या याद्या घेऊन न्यायाधिकरणात उभ्या राहतात, वर्षानुवर्षे वाद चालतात, आणि ज्या वर्षीचा कर असतो त्या वर्षीचे अधिकारी तोवर निवृत्तही झालेले असतात.

तिकडे तरी कोणी कर घेते का, याचे सर्वांत गाजलेले उत्तर आयर्लंडचे आहे. युरोपीय आयोगाने २०१६ मध्ये अ‍ॅपलकडून १३ अब्ज युरो वसूल करण्याचा आदेश आयर्लंडला दिला. आयोगाच्या म्हणण्यानुसार आयरिश उपकंपनीचा बहुतेक नफा अशा 'मुख्य कार्यालया'च्या नावे मांडला जात होता, ज्याला ना कर्मचारी होते, ना जागा. आणि त्यामुळे २०१४ साली तिच्या युरोपातील नफ्यावरचा प्रत्यक्ष दर ०.००५ टक्के, म्हणजे दहा लाख युरोंमागे ५० युरो इतका होता. मधल्या काळात खालच्या न्यायालयाने आयोगाविरुद्ध निकाल दिला, पण सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने आयोगाचा आदेश अंतिमतः कायम केला. विशेष म्हणजे, पैसे मिळणार असूनही आयर्लंड इतकी वर्षे त्या आदेशाविरुद्ध लढत होता.

उत्तर २ (निवृत्त वाणिज्य प्राध्यापक, सातारा)

वरील विवेचन अचूक आहे. मला त्यात इतिहास आणि एक गंभीर काळजी जोडावीशी वाटते.

कोणत्या उत्पन्नावर कोणत्या देशाने कर लावायचा, हा नियम कोणी घातला, असा प्रश्न माझे विद्यार्थी नेहमी विचारत. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाने चार अर्थतज्ज्ञांना हा प्रश्न सोपवला. त्यांचा अहवाल १९२३ साली आला आणि १९२८ मध्ये करारांचे नमुने तयार झाले. धंद्याचा नफा जिथे स्थायी आस्थापना आहे तिथे करपात्र, आणि व्याज, लाभांश यांसारख्या उत्पन्नावर मुख्य हक्क भांडवल पुरवणाऱ्याच्या देशाचा, अशी विभागणी त्या काळात रुजली. त्या वेळी भांडवल लंडन-न्यूयॉर्कचे होते आणि आपण पारतंत्र्यात होतो. शंभर वर्षांपूर्वी भांडवलदार देशांच्या सोयीने आखलेली चौकट आपण आज आपल्या करारांतून चालवतो, हे विसरून या विषयाकडे पाहता येणार नाही.

आता किमान कराविषयी. ऑक्टोबर २०२१ मध्ये १३६ देशांनी दोन भागांची योजना मान्य केली. त्यांत भारत होता. केनिया, नायजेरिया, पाकिस्तान आणि श्रीलंका यांनी संमती दिली नाही. दुसऱ्या भागानुसार ज्या समूहाची वार्षिक उलाढाल ७५ कोटी युरो, म्हणजे साधारण साडेसात हजार कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे, त्याने प्रत्येक देशात किमान १५ टक्के कर भरलेला असला पाहिजे. एखाद्या देशात ९ टक्केच भरला असेल तर उरलेले ६ टक्के मूळ कंपनीचा देश वसूल करतो. युरोपीय संघातील बहुतेक देश, ब्रिटन, जपान, दक्षिण कोरिया यांनी २०२४ पासून हे लागू केले.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने यातली मेख अशी की, आपल्या पंपावरची रॉयल्टी जिथे जाते त्या देशाने कमी कर घेतला, तर वरचा फरक भारताला मिळत नाही, तो मूळ कंपनीच्या देशाला मिळतो. इतकेच काय, भारताने स्वतः एखाद्या उद्योगाला करमाफी दिली आणि त्यामुळे त्याचा प्रत्यक्ष दर १५ टक्क्यांखाली गेला, तर आपण सोडलेला कर दुसरा देश आपल्या तिजोरीत भरून घेऊ शकतो. यावर उपाय योजनेतच आहे : प्रत्येक देश आपल्या हद्दीतली तूट स्वतः भरून घेणारा देशांतर्गत पूरक कर लावू शकतो, आणि तो लावला की त्याला अग्रक्रम मिळतो. आयर्लंडने २०२४ पासून आणि संयुक्त अरब अमिरातीने जानेवारी २०२५ पासून तसा कर आणला. भारताच्या २०२५ च्या अर्थसंकल्पात असा कायदा आला नाही. आपला सामान्य दर २५ टक्क्यांच्या आसपास असल्याने घाई नाही, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा मला कळतो. पण विशेष आर्थिक क्षेत्रातील जुने कारखाने आणि गुजरातमधील गिफ्ट सिटी या वित्तीय केंद्रातील करसवलती यांचे काय, याचे उत्तर त्यात नाही.

माझी खरी काळजी योजनेच्या पहिल्या भागाविषयी आहे. आपल्यासारख्या ग्राहकदेशाला त्यातच काही मिळणार होते. २० अब्ज युरोंवर उलाढाल असलेल्या समूहांचा १० टक्क्यांपलीकडचा जो नफा, त्याचा चौथा हिस्सा विक्री होणाऱ्या देशांना वाटून द्यायचा, अशी ती कल्पना. त्याच्या बहुपक्षीय कराराचा मसुदा ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, पण तो अमलात आलेला नाही. तोवर हाताशी असावा म्हणून भारताने २०१६ साली परदेशी कंपन्यांना दिल्या जाणाऱ्या ऑनलाइन जाहिरातीच्या रकमेवर ६ टक्के आणि २०२० साली परदेशी ई-कॉमर्सवर २ टक्के समकरण शुल्क लावले होते. २ टक्क्यांचे शुल्क १ ऑगस्ट २०२४ पासून आणि ६ टक्क्यांचे १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले. बदल्यात मिळायचे ते हाती येण्याआधीच आपण आपले हत्यार खाली ठेवले, याचे मला मनापासून दुःख आहे.

उत्तर ३ (पलूस तालुका, सांगली)

आदरणीय सरांच्या मताचा पूर्ण आदर ठेवून दुसरी बाजू मांडतो. परदेशी उपकंपन्या असलेल्या एका भारतीय समूहाच्या लेखा विभागात मी बराच काळ काम केले आहे. आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण घ्यायचे तर १९१० साली किर्लोस्करवाडीत कारखाना उभारणाऱ्या उद्योगसमूहातील पंप कंपनीने २००३ मध्ये इंग्लंडची एसपीपी पंप्स ही कंपनी विकत घेतली. म्हणजे बहुराष्ट्रीय कंपनी म्हटल्यावर ती नेहमी बाहेरून इथे आलेलीच असते, असे आता राहिलेले नाही.

भारतीय कंपनीच्या परदेशी नफ्याला आपण कसे वागवतो ते पाहण्यासारखे आहे. ब्रिटनमधल्या उपकंपनीने तिथे कमावलेल्या नफ्यावर तिथे कर भरला, आणि तो दर एप्रिल २०२३ पासून मोठ्या कंपन्यांना २५ टक्के आहे. तो पैसा तिथेच राहिला तर भारत साधारणपणे काही घेत नाही. लाभांश म्हणून इथे आणला की त्यावर पुन्हा इथला पूर्ण दर लागतो; पूर्वी परदेशी उपकंपनीच्या लाभांशाला १५ टक्क्यांची सवलत होती, ती २०२२-२३ पासून संपली. तोच लाभांश भारतीय कंपनीने आपल्या भागधारकांना वाटला तर तेवढी वजावट मिळते, पण इथे नवा कारखाना उभारायला पैसा आणायचा असेल तर मिळत नाही. परिणामी पैसा बाहेरच ठेवण्याकडे कल वाढतो.

अमेरिकेने हेच भोगले. तिथे परदेशी नफ्यावर कर होता, पण तो घरी आणेपर्यंत लागत नसे. म्हणून तिच्या कंपन्यांचे २ लाख कोटी डॉलरहून अधिक परदेशात साठले. २०१७ च्या कायद्याने कंपनीकराचा दर ३५ वरून २१ टक्क्यांवर आणला, जुन्या साठ्यावर रोख रकमेसाठी १५.५ आणि इतर मालमत्तेसाठी ८ टक्के एकदाच कर घेतला, आणि पुढच्या परदेशी नफ्यावर तो घरी आणला नाही तरी त्याच वर्षी कर लावायला सुरुवात केली. भारताकडे असा नियम नाही. परदेशात अडकवून ठेवलेल्या निष्क्रिय (व्याज, लाभांश यांसारख्या) उत्पन्नावर इथे कर लावण्याची तरतूद २०१० च्या प्रत्यक्ष कर संहितेच्या विधेयकात होती, पण ते विधेयकच पुढे गेले नाही. परदेशातील कंपनीचा कारभार प्रत्यक्षात भारतातून चालत असेल तर तिला भारतीय रहिवासी धरण्याची तरतूद मात्र २०१६-१७ या वर्षापासून लागू आहे.

समकरण शुल्क ठेवायला हवे होते, या मताशी मी सहमत नाही. ते नफ्यावर नव्हते, रकमेवर होते, आणि माझ्या माहितीतल्या लहान निर्यातदारांच्या बाबतीत ते शेवटी जाहिरातीच्या बिलातच मिळवले जात असे. शिवाय, तशाच धर्तीवर उद्या इतर देशांनी भारतीय सॉफ्टवेअर कंपन्यांच्या बिलांवर कर बसवला, तर आपण कोणत्या तोंडाने विरोध करणार? २०१२ च्या पूर्वलक्षी दुरुस्तीचा अनुभव ताजा आहे. व्होडाफोनने २००७ साली केमन बेटांवरील कंपनीमार्फत केलेल्या व्यवहारावर सर्वोच्च न्यायालयाने सरकारविरुद्ध निकाल दिला म्हणून कायदा मागे जाऊन बदलला. पुढे २०२० मध्ये व्होडाफोन आणि केर्न ही ब्रिटिश तेल कंपनी यांच्याबरोबरच्या दोन्ही लवादांत भारत हरला, आणि २०२१ मध्ये ती दुरुस्ती मागे घ्यावी लागली. कर जरूर घ्यावा, पण नियम व्यवहाराच्या आधी सांगून घ्यावा.

मूळ प्रश्नकर्ता (कुपवाड)

तिघांचेही मनःपूर्वक आभार. हिशेब पाहून आता चित्र स्पष्ट झाले. एक उपप्रश्न आहे. रॉयल्टीची खरी किंमत कोणालाच ठरवता येत नसेल, तर ती ठरवण्याचा खटाटोप सोडून समूहाचा जगभरातला एकूण नफा घ्यावा आणि कामगार किती, यंत्रसामग्री किती, विक्री किती यांवरून तो देशांमध्ये वाटून टाकावा, असे कोणी सुचवलेले नाही का? आमच्या शॉपमध्ये भागीदारांचा हिस्सा ठरवतानाही आम्ही भांडवल आणि काम दोन्ही पाहतो.

उत्तर ४ (निवृत्त वाणिज्य प्राध्यापक, सातारा)

सुचवलेले आहे, आणि वापरातही आहे. अमेरिकेतील राज्ये आपापसांत कंपनीचा नफा अशाच सूत्राने वाटतात. पूर्वी मालमत्ता, पगार आणि विक्री या तिन्हींना सारखे वजन देण्याची पद्धत रूढ होती. आता अनेक राज्ये केवळ विक्री धरतात, कारण पगार आणि मालमत्ता धरली की कारखाना शेजारच्या राज्यात जाण्याची भीती असते. युरोपीय आयोगाने २०११ मध्ये असे सूत्र मांडले होते, पण सदस्यदेशांचे एकमत झाले नाही. भारतात केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या समितीने २०१९ साली स्थायी आस्थापनेचा नफा ठरवण्यासाठी विक्री, मनुष्यबळ आणि मालमत्ता यांना सारखे वजन देणारे सूत्र सुचवले आणि लोकांच्या हरकती मागवल्या. विक्रीला वजन असले पाहिजे, कारण ग्राहक नसता तर नफाच झाला नसता, ही त्या अहवालातली भूमिका मला पूर्णपणे पटते. मात्र ते सूत्र फक्त परदेशी कंपनीच्या भारतातील आस्थापनेपुरते होते. आपल्या उदाहरणातील उपकंपनीला ते लागू झाले नसते.

पलूसच्या मित्रांनी नियम आधी सांगण्याचा जो आग्रह धरला आहे, तो मी शब्दशः मान्य करतो. शुल्क रकमेवर असणे हा दोष होता, हेही मान्य. परंतु त्यांनी ज्या देशाचे उदाहरण दिले त्याच अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये २०२१ च्या समझोत्याशी आपण बांधील नसल्याचे जाहीर केले, आणि जूनमध्ये जी-७ देशांनी अमेरिकी मूळ कंपन्यांच्या समूहांना किमान कराच्या मुख्य नियमांतून वगळण्याची तयारी दाखवली. ज्याच्या हाती दबाव आणण्याचे साधन होते, त्याला सवलत मिळाली. म्हणून मी समकरण शुल्काकडे कायमचा कर म्हणून कधीच पाहिले नाही, वाटाघाटीतले साधन म्हणूनच पाहिले.

संयुक्त राष्ट्रांत आता या विषयावर स्वतंत्र करारासाठी वाटाघाटी चालू आहेत. त्यांची रूपरेषा आमसभेने डिसेंबर २०२४ मध्ये मंजूर केली आणि मसुदा २०२७ पर्यंत पूर्ण करण्याचे ठरले आहे. तिथे प्रत्येक देशाला एक मत आहे, आणि सीमापार सेवांच्या उत्पन्नावरील कर हा त्यातला एक आरंभीचा विषय आहे. आपल्या टिपेतले 'व्यवस्थापन सेवाशुल्क' नेमके त्यातच मोडते. इथे कार्यालय नसले आणि तांत्रिक ज्ञान दिलेले नसले, तरी सेवेचे पैसे जिथून निघतात त्या देशाला त्यावर कर कापता यावा, अशी तरतूद संयुक्त राष्ट्रांच्या नमुना करारात २०१७ पासून आहे. नेदरलँड्स, ब्रिटन किंवा सिंगापूरशी असलेल्या आपल्या करारांत मात्र ती नाही. ते करार एकेक करून बदलायला पिढी जाईल. बहुपक्षीय करारात ही तरतूद आली, तर एकाच सहीने ते काम होऊ शकते, आणि भारताने या वाटाघाटींत सर्वांत आधी हीच मागणी लावून धरावी असे माझे मत आहे.